मिरजेच्या डीकनकाकांना, उशिरा का होईना

काका, सलाम.

तुमच्याकडे, ख्रिस्ती घरांत, नमस्काराऐवजी सलाम म्हणतात, हे दहा दिवस राहूनही माझ्या जिभेवर बसलं नव्हतं. मी नमस्कार म्हणायची, तुम्ही सलाम म्हणायचात आणि काकू पलंगावर पडल्या पडल्या हसायच्या. आज पहिल्याच ओळीत बरोबर लिहिलंय, बघा.

परवा तुमच्या लेकीचा फोन आला होता. बाबांना वहीतले आकडे दिसेनात, म्हणून चर्चच्या दानपेटीची किल्ली आणि सगळे हिशेब नव्या डीकनच्या हाती दिले म्हणाली. फोन ठेवला आणि लक्षात आलं, २०१९ च्या पुरापासून मी तुमचे आभार एकदाही मानलेले नाहीत. समोर विषय काढला की तुम्ही "चहा घेतलास का?" म्हणून उठता. म्हणून हे चारचौघांत लिहिते. इथून उठून जाता येणार नाही.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची एक रेघ आहे. वडिलांनी ऑइलपेंटनं मारलेली. त्या रेघेवर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास. ऑगस्टच्या त्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायलं, कोयनेतून विसर्ग वाढला, आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे पडली, तरी आम्ही सामान रेघेच्या वर रचून निवांत. विलिंग्डन कॉलेजात तुमच्या लेकीच्या बाकावर बसले आणि चार-पाच वेळा तिच्या डब्यातलं खाल्लं, एवढीच आपली ओळख. तरी ६ तारखेला सकाळी तुमचा फोन आला. "रेघ कसली बघतीस? आईला घे आणि नीघ."

निघालो. पुढे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि रेघ बुडाली. विश्रामबागेत तुम्ही छत्री घेऊन उभे होता. छत्री उलटी झालेली, पण धरलेली.

तुमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात काकू अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणाला. पहाटे पाचला उठून त्यांना पुसून घेणं, पातळ बदलणं, चमच्यानं चहा पाजणं आणि मग त्यांच्या मागे बसून वेणी घालणं, हे मी रोज दाराआडून बघायची. रेल्वेत जन्मभर पार्सलांना गाठी मारलेला माणूस, वेणीही तशीच घालायचा. आवळून आणि जराशी वाकडी. काकूंनी कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी मी "द्या, मी घालते" म्हटलं तर तुम्ही फणी दिली नाहीत.

आईचं मात्र अवघड होतं. घर सोडताना तिनं दागिने विसरले, पण देव घेतले. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे स्टीलच्या डब्यात. ख्रिस्ती घरात ते बाहेर काढायचे कसे, म्हणून डबा दिवसभर मांडीवर. जेवेना. तुम्ही काही विचारलं नाहीत. फळीवरचा रेडिओ उचलून कपाटावर ठेवलात, फळी ओल्या फडक्यानं पुसलीत आणि म्हणालात, "ताई, रेडिओ आता कोण ऐकतंय? जागा उगीच अडली होती." त्या रात्री आई जेवली. संध्याकाळची तुमची प्रार्थना आतल्या खोलीत व्हायची. दार उघडं असायचं, पण या म्हणून कधी बोलावलं नाहीत आणि आवाजही कधी बारीक केला नाहीत. दोन्ही गोष्टींचं मला अजून नवल वाटतं. १२ तारखेच्या श्रावणी सोमवारी तुमच्या लेकीनं शाबूची खिचडी केली आणि तुम्ही सगळ्यांनी तीच खाल्लीत. वेगळा स्वयंपाक करायला गॅस जास्त लागतो, हे कारण तुम्ही दिलंत ते मी तेव्हाही खरं मानलं नव्हतं.

दिवसभर तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये. तिथे सांगलीवाडीची, हरिपूरची माणसं होती, बाळंतीण होती, एका आजोबांचा पोपट होता. कुणाची बीपीची गोळी संपली, कुणाला दूध हवं, सगळं शंभर पानी वहीत. कुणीतरी वाटप करताना फोटो काढायला लागला तर तुम्ही त्याच्या हातात भाताचं पातेलं दिलंत. हात मोकळे राहिले नाहीत, फोटो राहूनच गेला.

डीकन म्हणजे काय, हे मी तिथेच विचारलं होतं. मला वाटायचं पाळकांचा मदतनीस असेल. तुम्ही डाळ वाढता वाढता सांगितलंत, की पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या वाटपात विधवांना वगळलं जायचं, कुरकुर झाली, तेव्हा पंगतीचं काम बघायला सात माणसं निवडली. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात आहे. "वाढपी गं. मंडळीचा वाढपी." आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. तुमच्याकडे उलटंच. ओळखीचे शेवटी. तुमच्या लेकीला रात्री अकराला तळाचा भात मिळायचा आणि ती चिडायची. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. घरच्यांसाठी इतकं करणारा माणूस त्यांनाच शेवटी का बसवतो, असं वाटायचं. ती आता हसून सांगते, पण तेव्हा हसत नव्हती, काका.

पाणी उतरल्यावर तुम्ही फावडं आणि खराटा घेऊन आमच्याकडे आलात. गुडघाभर चिखल, त्यात कुजलेल्या धान्याचा वास. दुपारी मी पाकिटात पाच हजार घालून पुढे केले. तुमच्या कपाळाला आठी पडली. मग खिशातून पावतीपुस्तक काढलंत, 'गरीब फंड' लिहिलंत, माझं नाव विचारून घेतलंत (दहा दिवस घरात राहिलेल्या मुलीचं पूर्ण नाव!) आणि पावती फाडून दिलीत. ती देवघराच्या फळीखाली चिकटवलेली आहे. आई तिलाही हळदकुंकू वाहते. तुम्हाला चालेल ना? तिला विचारायची माझी टाप नाही.

आभारी आहे, काका. फोनबद्दल, फळीबद्दल आणि उलट्या छत्रीबद्दल.

येत्या रविवारी उपासना सुटली की येते. आईनं मेतकूट आणि घरची हळद बांधून ठेवलीय. किल्ली आता तुमच्याकडे नाही, म्हणजे घाईनं हॉलकडे जायचं कारणही नाही. फणी मात्र माझ्या हातात द्यायची. काकूंची वेणी एकदा सरळ घालून बघू.