सूत्र पाठ करण्याआधी पोरांना बॉक्स उलगडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आली की आमच्या गल्लीतली नववी-दहावीची पोरं माझ्याकडे गणित विचारायला येतात आणि बहुतेकांची गाडी पृष्ठफळापाशी अडते. सूत्रं तोंडपाठ असतात. पण वरून उघड्या बॉक्सला पुठ्ठा किती लागेल असं विचारलं की झाकणासकट उत्तर देऊन मोकळी होतात. पोरं हुशार आहेत हो, त्यांना ती वस्तू कुणी उलगडूनच दाखवलेली नसते.

आपल्या सोलापुरात तर याला सामान शोधायला नको. चादरी-टॉवेलचे बॉक्स दुकानात येतात ते सपाटच, घडीच्या रेषा मारलेले, तो सपाट पुठ्ठा म्हणजेच घडण. समजा बॉक्स 30 सेंमी लांब, 20 रुंद, 10 उंच आहे. उलगडला की 600 चौ.सेंमीचे दोन आयत, 300 चे दोन, 200 चे दोन, बेरीज 2200, आणि झाकण नको असेल तर एक 600 चा आयत कात्रीनं कापायचा, राहिले 1600. सूत्र आठवायची गरजच पडत नाही, ते पोरं स्वतःच तयार करतात (चिकटवायच्या पट्ट्यांचा पुठ्ठा वेगळा धरायचा, हे पण त्यांनाच सुचतं).

शंकूचं तर विचारूच नका. वक्रपृष्ठफळात उंची घालायची का तिरकस उंची, यावर दरवर्षी गोंधळ. शेंगदाण्याची कागदी पुडी करा, वरचा जास्तीचा कागद कापून काठ सारखा करा आणि चिकटवलेली कड सोडवून टेबलावर पसरा, वर्तुळाचा एक तुकडा मिळतो आणि त्याची त्रिज्या असते तिरकस उंची, सरळ उंची त्यात कुठं दिसतच नाही! तळाची त्रिज्या 7 आणि तिरकस उंची 21 घेतली तर हा तुकडा बरोबर एक तृतीयांश वर्तुळाचा येतो, कारण कंसाची लांबी 44 आणि पूर्ण वर्तुळाचा परीघ 132. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ 1386, त्याचा तिसरा हिस्सा 462, सूत्रानं पण तेच. हे एकदा हातानं केलेलं पोरगं परत चुकत नाही, हे मी बघितलंय.

गोल मात्र असा सपाट होत नाही, कुठंतरी फाटतो नाहीतर चुरगळतो. पण त्याच्याभोवती घट्ट बसणारी वृत्तचिती घेतली तर तिच्या बाजूचा उलगडलेला आयत आणि गोलाचं पृष्ठफळ एकच येतं, हे आर्किमिडीजनं दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. एवढी सुंदर गोष्ट आपण 4πr² लिहून दोन ओळीत संपवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घडणी खालच्या वर्गात कापून चिकटवतात आणि नंतर जिथं खरी गरज आहे तिथं वेळ नाही म्हणून सोडून देतात. माझी शाळांना विनंती आहे की नववी-दहावीला गणिताचे जे 20 अंतर्गत गुण असतात त्यातले थोडे तरी घडणी करून मापं काढायला ठेवावेत. आणि नवी पेठ, चाटी गल्लीतल्या दुकानदारांनी फाटके, डाग पडलेले बॉक्स रद्दीत घालण्याआधी जवळच्या शाळेत एकदा विचारून बघावं.

– एक वाचक, सोलापूर