काकांच्या संगणकाची कडी

सांगली,
१६ नोव्हेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल दुपारी मिरजेला जाऊन काकांचा संगणक बघून आलो. डिस्क घातली की आपोआप सुरू व्हायची, ते बंद करून टाकलं, एवढंच तुला फोनवर सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "एवढ्यासाठी कशाला गेलास? बाबांना फुली दाबायला सांगायचं." काकू फोन मागत होत्या म्हणून मी पुढे बोललो नाही. पण तुझं ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

काकांच्या डिस्का तुला माहीतच आहेत. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी जी संगीतसभा होते, तिथली कितीतरी वर्षांची ध्वनिमुद्रणं त्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत तारखेवार लावून ठेवली आहेत. रोज दुपारी चहा झाला की एक काढायची आणि ऐकत बसायचं. गेल्या महिन्यात कुणा विद्यार्थ्याने त्यांना एक डिस्क दिली, तीत तंबोऱ्याचा प्रोग्रॅम आहे म्हणून. काकांनी ती घातली आणि स्वतः काही करायच्या आत काहीतरी बसायला सुरुवात झाली. मध्ये एकदा 'यस' की 'नो' असं विचारलं, त्यांनी 'यस' दाबलं. तंबोरा काही वाजला नाहीच. त्या दिवसापासून मात्र संगणक चालू केला की कसल्या कसल्या खिडक्या उघडायला लागल्या.

मी गेलो तेव्हा काकांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "माझ्या हातून काही बिघडलं का रे?" चाळीस वर्षं मुलांना सतार शिकवलेला माणूस, पण संगणकासमोर अपराध्यासारखा उभा होता. दिलीप, त्यांच्या हातून काहीही बिघडलेलं नव्हतं. कधीतरी कुणीतरी 'नेहमी असंच करा' या अर्थाच्या चौकोनात खूण करून ठेवली होती. त्यामुळे विंडोज सेव्हन त्यांना न विचारता डिस्कवरचा प्रोग्रॅम चालवत होतं. फुली दाबायला खिडकी तरी यायला हवी ना!

हे चालतं कसं, ते सांगतो. डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची एक छोटी मजकुराची फाइल असते. त्यात दोनतीन ओळी, त्यांतली एक सांगते की अमुक प्रोग्रॅम चालव. विंडोज ९५ पासून ही 'ऑटोरन' नावाची सोय आली. हेतू वाईट नव्हता. नवीन संगणक घेतलेल्या माणसाला सेटअपची फाइल कुठे शोधायची हे कळत नसे, तर डिस्क घातली की काम सुरू व्हावं. पण तिथेच निर्णय आपल्या हातून डिस्क बनवणाऱ्याच्या हातात गेला. पुढे 'ऑटोप्ले' आलं. ते डिस्कवर गाणी आहेत की फोटो हे बघून काय करू असं विचारतं. लोक या दोन्हींना एकच समजतात, पण पहिलं हुकूम मानतं आणि दुसरं निदान विचारतं तरी.

त्या विचारण्यावरही किती भरवसा ठेवायचा? २००८ च्या नोव्हेंबरात कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा घुसखोर प्रोग्रॅम, पसरायला लागला. त्याचा पुढचा अवतार पेनड्राइव्हवरून यायचा. ऑटोप्लेच्या खिडकीत तो स्वतःची ओळ घुसवायचा, शेजारी फोल्डरचं चित्र आणि मजकूर 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा'. खरी ओळ त्याच्या खालीच असायची, अगदी त्याच शब्दांत. तू, मी, कुणीही वरचीच दाबली असती. काकांनी नीट वाचून दाबायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

आता माझं सांगतो. तुला अर्धंच माहीत आहे. २००९ साली ताईच्या लग्नाच्या फोटोंची डिस्क एका स्टुडिओतून आली. त्याने आपल्या पेनड्राइव्हवरचं सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवलं होतं, आणि त्यात लपून बसलेला व्हायरस त्याच्या ऑटोरनच्या फाइलीसकट उतरला होता. त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसणार. माझ्याकडे तेव्हा विंडोज एक्सपी. डिस्क आत सरकवली, दिवा लुकलुकला आणि तेवढ्यात काम झालं. त्यानंतर मी जो पेनड्राइव्ह लावीन त्यावर तीच फाइल बसायची. ऑफिसातले तीन संगणक माझ्यामुळे बिघडले. शेवटी घरचा दुरुस्तीला दिला. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. मी हो म्हणालो, आणि त्याने हार्ड डिस्कच्या 'सी' भागाबरोबर 'डी'ही पुसून टाकलं. त्या 'डी'मध्ये आईच्या आवाजातल्या अकरा ओव्या होत्या. ती आजारी असताना मोबाइलवर घेतलेल्या. दुसरी प्रत नव्हती. आई तर २००७ सालीच गेली होती.

हे मी कुणाशी फारसं बोललो नाही. पण कुणाच्याही घरी डिस्क आपोआप सुरू होताना दिसली की मी ती बंद करूनच उठतो, ते यासाठी.

आणि व्हायरस फक्त चोरट्या मार्गानेच येतो असंही नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीने बाजारात विकलेल्या पन्नासहून जास्त अल्बमांच्या सीडींत नक्कल रोखणारा प्रोग्रॅम घातला होता. माणूस गाणी ऐकायला सीडी घालायचा आणि ऑटोरनच्या वाटेने तो प्रोग्रॅम विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवायचा. मार्क रुसिनोविच या जाणकाराला तो स्वतःच्या संगणकावर सापडला. विशिष्ट खुणेने सुरू होणाऱ्या नावाची कुठलीही फाइल तो दडवायचा, मग इतर घुसखोरांनीही तोच आडोसा वापरला. सरळ उपटून काढावा तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. खटले झाले, सीड्या परत मागवाव्या लागल्या. त्याच्या दोन वर्षं आधी प्रिन्स्टनच्या अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं होतं, की अशाच एका सीडीचं कुलूप नुसती शिफ्टची कळ दाबून धरली तरी लागत नाही, कारण शिफ्टने ऑटोरन थांबतं. ते कुलूप बनवणाऱ्या सनकॉम कंपनीने त्याला कोर्टात खेचायची धमकी दिली आणि मग मागे घेतली. पैसे मोजून घेतलेली, गाण्याची, नावाजलेल्या कंपनीची सीडी होती ही! काका डिस्का ऐकतात म्हणून मला हा किस्सा जास्त लागतो.

शिफ्टवर आता विसंबू नकोस मात्र. एक्सपीपर्यंत ते चालायचं. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून शिफ्ट धरली की उलट ऑटोप्लेची खिडकी समोर येते.

काकांकडे मी काय केलं, ते ऐक. आधी तो तंबोऱ्याचा प्रोग्रॅम आणि त्याच्याबरोबर आलेला कचरा काढला, यातच दोन तास गेले. मग कंट्रोल पॅनलमध्ये ऑटोप्ले उघडून सर्वांत वरची 'सगळ्या माध्यमांसाठी ऑटोप्ले वापरा' ही खूण काढली आणि 'सेव्ह' केलं. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. पण माझं समाधान होईना. त्यांचं विंडोज होम प्रकारचं, त्यात असे नियम ठरवायची ग्रुप पॉलिसीची खिडकी मिळत नाही, म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे नोंदलेल्या असतात तिथे, उतरलो. तिथे पॉलिसीज, त्याखाली एक्सप्लोरर, या कप्प्यात 'नोड्राइव्हटाइपऑटोरन' अशी नोंद करून किंमत 'एफएफ' दिली, म्हणजे २५५. यात प्रत्येक प्रकारच्या ड्राइव्हचा एकेक बिट, म्हणजे चालू-बंदची खूण, असतो, सगळे लावले की सगळ्यांचं ऑटोरन बंद. हात लावण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत घेऊन ठेवली.

काही जण रजिस्ट्रीतच सीडीरॉमच्या सेवेतली 'ऑटोरन'ची किंमत शून्य करायला सांगतात. ते करू नकोस. त्याने डिस्क बदललेली विंडोजला कळतच नाही, नवी घातली तरी जुन्याचीच यादी दिसत राहते. काकांनी मालकंस घातला आणि यादीत भैरवी दिसली, तर ते पुन्हा स्वतःलाच दोष देत बसतील.

तुझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे ना? सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'ऑटोप्ले', वरचं बटण बंद. १० असेल तर हेच 'डिव्हायसेस'खाली. अर्धं मिनिट लागेल. पेनड्राइव्हवरून आपोआप प्रोग्रॅम चालणं विंडोज सेव्हनपासूनच बंद झालंय, आणि २०११ च्या फेब्रुवारीत एक्सपी-व्हिस्टालाही ती दुरुस्ती मिळाली. पण सीडी-डीव्हीडी त्यातून वगळलेल्या होत्या, हे लक्षात ठेव. आणि डिस्कच्या चित्रावर दोनदा क्लिक करू नकोस, त्याने प्रोग्रॅम सुरू होऊ शकतो. उजवं बटण दाबून 'ओपन' निवड.

काकांना हेच शिकवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: 'डिस्क घालणे. थांबणे. कॉम्प्युटर उघडणे. उजवे बटण. ओपन.' मग पेटीतून एक डिस्क काढली आणि आत सरकवली. काहीच झालं नाही, पडदा शांत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मग त्यांनीच उजवं बटण दाबलं, यादी उघडली, चष्मा वर करून नावं वाचली आणि हवं ते लावलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आज किती दिवसांनी!"

पेटीतल्या सहासात डिस्का वाचताना अडखळतात, कडेला डाग पडायला लागलेत. पुढच्या रविवारी येशील तेव्हा तुझा बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक रिकामी हार्ड डिस्क घेऊन ये. दोघं बसून सगळ्यांच्या प्रती करू, एक मिरजेला राहील आणि एक तुझ्याकडे पुण्याला. लॅपटॉपचं ते बटण मात्र निघण्यापूर्वी बंद कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन