मिस्त्रीकाका, दाराचा आवाज नीट ऐकून घेतलात, त्याबद्दल

प्रिय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या मागच्या दारातला आवाज तुम्ही घालवलात, पण मला आभार मानायचे आहेत ते पाना हातात घेण्याआधी तुम्ही जे केलंत त्याचे. आधी एकाने गाडी न चालवताच ‘बिजागऱ्या बदला’ असं सांगून टाकलं होतं. तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवलंत आणि स्वतः मागे त्या दाराला कान लावून बसलात.

दाराचा कप्पा रिकामा केलात, आवाज तसाच. काच अर्धी खाली घेतलीत, तरी फरक नाही, म्हणजे काच सैल नव्हती. मग दाराच्या आतल्या आवरणावर, म्हणजे पॅडवर, तळहात दाबून धरलात आणि खडखड थांबली. मागे उरली ती बारीक करकर. आवाज दोन आहेत, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी त्यांना एकच समजून वैतागत होते.

करकरीसाठी दाराचं लॉक खांबावरच्या ज्या कडीत अडकतं, तिला तुम्ही टेपचा एक वेढा दिलात. पुन्हा चक्कर मारली तर दार गप्प! बिजागरी बहुधा दार उघडताना-लावताना कुरकुरते, चालत्या गाडीतली करकर आधी लॉकपाशी आणि दाराच्या कडेच्या रबरात शोधायची, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत.

पुढचं काम तसं थोडंच होतं. कडीच्या जागेवर खूण करून मगच स्क्रू सैल केलेत, कडी जराशी आत सरकवलीत, लॉक पुसून ग्रीस लावलंत. दारात कागदाची पट्टी धरून रबर सगळीकडे सारखं दाबतंय ना, हे ओढून पाहिलंत. पॅडची तुटकी क्लिप बदललीत, पत्र्यावर आपटणारी वायर फेल्टच्या टेपने गुंडाळलीत. रबराला मात्र साध्या ग्रीसऐवजी सिलिकॉन, कारण खनिज तेलाने रबर फुगतं. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद पुन्हा काठोकाठ चिकटवलात, ते तर मी सांगितलंही नव्हतं. तो सुटा राहिला असता तर पावसाचं पाणी आत झिरपलं असतं.

आई त्याच दाराशी बसते. आता तिच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

आणि तुमच्या हाताखालच्या मुलाला तुम्ही दर वेळी आधी विचारत होतात, ‘तू सांग, कुठून येतोय?’ त्याच्या उत्तरासाठी थांबतही होतात. त्याबद्दलही मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
त्या गाडीची मालकीण