तो फोटो लढाऊ विमानाचा नव्हता

महोदय,

हवाई दल दिनानिमित्त ८ ऑक्टोबरच्या अंकात आपण पहिल्या पानावर चार पंख्यांच्या विमानाचा मोठा फोटो छापलात आणि खाली ओळ दिलीत, ‘आकाशात झेपावलेले लढाऊ विमान’. ते सी-१३०जे सुपर हर्क्युलस आहे, वाहतुकीचे विमान. चूक किरकोळ वाटेल. पण मी वीस वर्षे हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे एएन-३२ या मालवाहू विमानाच्या पोटाखाली गेली, म्हणून राहवले नाही.

आसामात जोरहाटच्या तळावर आमचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. डोंगरातल्या धावपट्ट्यांवर ढग उतरायच्या आत विमान जाऊन परत यायला हवे. अरुणाचलातल्या मेचुकासारख्या ठिकाणी तेव्हा रस्त्याचा भरवसा नव्हता. तांदूळ, रॉकेल, औषधे, कोंबड्या, जनरेटरचे सुटे भाग, सगळे विमानातूनच. येताना रजेवर निघालेले जवान, कधी स्ट्रेचरवरचा रुग्ण, एकदा तर अडलेली बाई आणि तिचा हात धरून बसलेली सासू. विमान परतले की माझे पहिले काम टायर पाहण्याचे. गुडघ्यावर बसून खाचांत रुतलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने एकेक करून काढायचे, रबर चिरले आहे का ते बोटाने चाचपायचे. एका सकाळी सामान चढवताना एका गठ्ठ्यावर शाईने ‘सोलापूर’ लिहिलेले दिसले. आपल्याकडचे टॉवेल होते, पुढच्या चौकीसाठी. मला घर सोडून आठ महिने झाले होते. त्या गठ्ठ्याचा पट्टा मी स्वतः आवळला.

एएन-३२ ची इंजिने पंखाच्या वर बसवलेली असतात, म्हणजे कच्च्या पट्टीवरचे दगड-माती पंख्यांत जात नाहीत. लेहला तर ऊन तापायच्या आत उड्डाणे उरकावी लागतात. आधीच विरळ असलेली हवा तापली की विमानाला वजन उचलवत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींवर वर चौकीत बसलेल्या माणसाची भाकरी अवलंबून असते. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले तेही डाकोटा या वाहतुकीच्या विमानातूनच. ते वेळेवर पोहोचले नसते तर श्रीनगर हातचे गेले असते.

आपण ज्याचा फोटो छापलात, त्या हर्क्युलसच्या घराण्याचे पहिले विमान १९५४ मध्ये उडाले. तेच विमान २० टनांच्या आसपास माल नेते, छत्रीधारी सैनिक उतरवते, आतली आसने काढून स्ट्रेचर लावले की दवाखाना होते. अमेरिकेत तर ते चक्रीवादळात शिरून वाऱ्याचा वेग मोजते. आपल्या हवाई दलाने ऑगस्ट २०१३ मध्ये ते लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, १६,६१४ फुटांवर उतरवले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली असताना दिवे नसलेल्या धावपट्टीवर रात्री उतरून १२१ जणांना सोडवून आणले ते ह्याच विमानाने. आणि सोलापूरकरांना माहीत असावे म्हणून सांगतो, सुपर हर्क्युलसच्या शेपटीचा सांगाडा हैदराबादेत तयार होतो, इथून एका रात्रीच्या प्रवासावर.

३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेले एएन-३२ डोंगरात कोसळले. तेराही जण गेले. युद्ध नव्हते, रोजची फेरी होती. ज्या फरशीवर मी उभा राहायचो तिथूनच ते निघाले होते. ती बातमी कळली त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

आता अ‍ॅव्ह्रो या जुन्या वाहतुकीच्या विमानांच्या जागी ५६ सी-२९५ विमाने येत आहेत. त्यातली १६ स्पेनमधून आली, उरलेली ४० वडोदऱ्यात बांधायची ठरली आहेत. आपल्याकडच्या फिटर-वेल्डरचा कोर्स केलेल्या मुलांनी तिकडे डोळा ठेवावा, त्याबद्दल आपण एक सविस्तर बातमी द्यावी, ही विनंती.

शेजारच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या दोन मुलांनी तो फोटो कापून ठेवला आहे. “काका, यात बॉम्ब कुठे ठेवतात?” असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना मागचे दार कसे उघडते आणि जीप आत कशी चढते ते सांगितले. आपण दुरुस्ती छापलीत तर तेही कात्रण त्यांना नेऊन देईन.

आपला,
निवृत्त सार्जंट, भारतीय हवाई दल
विजापूर रोड, सोलापूर