रशियन गाणारे सगळेच रशियाधार्जिणे नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फिनलंडच्या मेटल संगीतावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रशियन भाषेत गाणाऱ्या फिनिश बँडला चार ओळींत 'रशियाधार्जिणा' ठरवून ते मोकळे झाले, हे काही पटलं नाही. हा बँड मी बरीच वर्षं ऐकतोय, म्हणून हा पत्रप्रपंच.

बँडचं नाव 'कुर्स्क', म्हणजे रशियातलं एक शहर. १९४३ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजांनी जिंकलेली रणगाड्यांची प्रचंड लढाई या कुर्स्कचीच. पण हेच नाव दिलेली रशियाची अणुपाणबुडी १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात बुडाली आणि ११८ जण गेले. त्यातले २३ जण स्फोटांतून वाचून मागच्या कप्प्यात जमले होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत त्यांची नावं कागदावर लिहून ठेवली. वर मात्र रशियन नौदल परकी मदत घ्यायची की नाही याचाच घोळ घालत बसलं होतं. शेवटी नॉर्वेच्या गोताखोरांनी पाणबुडीचं झाकण उघडलं ते २१ तारखेला. रशियन सत्तेची तळी उचलायची असती, तर हे नाव कोणी घेतलं असतं का?

बरं, यात धंद्याचंही गणित दिसत नाही. गिटारवादक सामी लोपाक्का आधी 'सेंटेन्स्ड' या गाजलेल्या बँडमध्ये होता. तो बँड इंग्रजीत गायचा. २००५ मध्ये त्यांनी थाटात तो बंद केला. त्यानंतर दोनच वर्षांत लोपाक्काने रशियन गाण्यांचा हा नवा संसार मांडला. इंग्रजीत गाऊन आयता श्रोता मिळत असताना फिनलंडमध्ये राहून रशियनमध्ये गाणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने पायावर धोंडा पाडून घेणंच. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत हल्ल्यामुळे ज्यांच्या आजी-आजोबांना सीमेवरच्या कारेलियातली घरं सोडावी लागली, अशा लोकांपुढे हे गायचं होतं!

लेखात या संगीताला 'गोंगाट' म्हटलंय, त्यावरही थोडं बोलतो. डूम मेटल हा मेटलमधला संथ प्रकार. मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये, १९७० च्या सुमाराचं. सूर खाली उतरवलेल्या गिटारी, आणि लय इतकी सावकाश की विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटू नये. कुर्स्कचा बासवादक तर एकाच तारेची बास गिटार वाजवतो. चार तारांची चैन नाही. जे काही करायचं ते त्या एका जाड तारेवर वरखाली सरकत. आणि गायक एर्की सेप्पानेन घसा खरवडून ओरडत नाही, मोकळ्या, भरदार आवाजात गातो. रशियन जाणणाऱ्याला शब्दन् शब्द कळावा, हाच हेतू असणार.

त्यांच्या २००८ च्या पहिल्या अल्बममध्ये 'स्टालिनग्राड' नावाचं गाणं आहे. मराठी माणसाला हा विषय नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा रचला, तेव्हा त्यांनी ते शहर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पोवाड्यात वीरश्री आहे, ती डफावर उसळते. फिनिश पोरांचं गाणं जड पावलांनी चालतं आणि मेलेल्यांच्या बाजूने बोलतं. अण्णा भाऊ तर उघड कम्युनिस्ट होते आणि लाल सैन्याचा जयजयकार करत होते. तरी त्यांना आपण लोकशाहीर म्हणून डोक्यावर घेतो, आणि घ्यावंच. मग शेजाऱ्याच्या इतिहासातलं दुःख शेजाऱ्याच्याच भाषेत मांडणाऱ्याला हेर ठरवायची घाई कशाला?

युक्रेनवरचा हल्ला चालू असताना रशियन शब्द ऐकणं जिवावर येतं, हे मला मान्य आहे. मलाही २०२२ नंतर काही महिने ही गाणी लावावीशी वाटली नाहीत. फिनलंडने तर ४ एप्रिल २०२३ ला नाटोत जाऊन सोक्षमोक्षच लावला. पण लेखकाने काळाची गल्लत केली आहे. कुर्स्कचे चार अल्बम आले ते २००८, २०११, २०१४ आणि २०१६ या वर्षांत. 'युद्ध पेटलेलं असताना यांना रशियनचा उमाळा आला' हे लेखातलं वाक्य त्यामुळे टिकत नाही. युक्रेनच्या क्रिमियाचा घास रशियाने २०१४ मध्येच घेतला होता, असा मुद्दा कोणी काढला तर तो रास्त आहे. पण लेखात तो नाही.

शेवटी एक दुरुस्ती. आपण बँडचं नाव 'किप्क' असं छापलंय. बँड नाव KYPCK असं लिहितो; ती अक्षरं रोमन दिसली तरी रशियन लिपीतली म्हणून वाचायची आहेत. पुढच्या पुरवणीत ते 'कुर्स्क' असं सुधारून छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे