अर्ध्या सुताचा सांगाडा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले, की दुकानात छोट्या प्रतिकृतीचे सगळे भाग घालून दिलेले तयार खोके मिळत असताना मी आठ महिने पितळेच्या सळ्या आणि प्लॅस्टिकचे पातळ पत्रे का कापत बसले आहे. तेवढ्यात तुमच्याकडे दारावरची बेल वाजली आणि उत्तर राहून गेले. तसेही ते दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी करते आहे ती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रॅग शर्यतीत धावत असे तशा गाडीची 1:25 प्रमाणातली प्रतिकृती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे 402 मीटर, आधी कोण पार करतो ते पाहायचे, एवढीच ही शर्यत. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांना या वेडाने झपाटले. ते सुकलेल्या तळ्यांच्या पात्रांत आणि धावपट्ट्यांवर गाड्या पळवू लागले. सांता आना येथे 1950 साली एका धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पार्क्स यांच्या नावाचे संग्रहालय पोमोनाला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा, बाबा, मला तुमच्याबरोबर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जात असे त्याची आठवण झाली. एका यंत्राचा अवयव दुसऱ्याला बसवणारी माणसे सगळीकडे सारखीच असतात. या गाड्यांचे इंजिन बहुधा क्रायस्लरच्या मोठ्या प्रवासी गाडीतले, 392 घन इंचांचे. त्यात हवा कोंबणारा ब्लोअर जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरून उचललेला, आणि त्याचे नावही त्या इंजिनावरूनच 6-71, कारण सिलिंडर सहा आणि प्रत्येक सिलिंडर 71 घन इंचांचा. इंधन नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येते.

आई, तू फोटो पाहून म्हणालीस की चालक गाडीच्या शेपटीवर बसल्यासारखा दिसतो. तो खरोखरच तसा बसतो. मागच्या चाकांवर जास्तीत जास्त भार पडावा, म्हणजे ती जागच्या जागी न घसरता रस्ता धरतील, म्हणून इंजिन मागे सरकवलेले असते आणि चालकाची बैठक थेट मागच्या आसाच्याही मागे असते. बेचकीतल्या दगडासारखा तो दिसतो म्हणून या रचनेला इंग्रजीत बेचकीचेच नाव पडले. मात्र त्यामुळे सगळा धोका त्याच्या पुढ्यात, जवळजवळ मांडीवर येऊन बसतो. 8 मार्च 1970 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटून गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली. असे प्रयोग आधीही झाले होते, पण 1971 मध्ये त्यांनी त्या गाडीने पोमोनाची मोठी शर्यत जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत बेचकीची रचना मैदानावरून नाहीशी झाली. मला मात्र तीच जुनी, चुकीची आणि देखणी रचना करायची होती.

आता खोक्याविषयी. खोक्यातल्या गाडीत सगळी मापे दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेली असतात आणि माझ्याकडे फक्त गोंद लावण्याचे काम उरते. शिवाय साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर साच्याची शिवण दिसते, आणि या गाडीत तर नळ्यांखेरीज फारसे काही नसतेच. 1:25 या प्रमाणाची गंमत बाबांना आवडेल : खऱ्या गाडीतला एक इंच माझ्या टेबलावर जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो. चाकांमधले अंतर मी 150 इंच धरले, ते 152.4 मिलिमीटर आले. सांगाड्याची नळी दीड इंच व्यासाची धरली, तर तिच्यासाठी 1/16 इंचाची पितळी सळई चालते, म्हणजे तुमच्या टूलरूमच्या भाषेत अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दुकानदाराला मी तसे सांगू शकले नाही, याचे मला वाईट वाटले.

या अर्ध्या सुतानेच मला सर्वांत जास्त छळले. लाकडी फळीवर आराखडा चिकटवून, दोन्ही बाजूंना खिळे ठोकून मी जिग, म्हणजे सळ्या जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट, तयार केली आणि पुढच्या टोकापासून एकेक सांध्याला सोल्डरचा पक्का डाग देत मागे आले. जिगमध्ये सगळे काटकोनात होते. बाहेर काढून काचेवर ठेवल्यावर पुढचे डावे टोक मिलिमीटरभर अधांतरी राहिले. खऱ्या गाडीत ते चाक जमिनीपासून इंचभर वर राहिले असते. हाताने पीळ काढायला गेले तर मधला सांधा सुटला, आणि तो पुन्हा जोडताना उष्णता सळईतून पुढे जाऊन शेजारचाही सुटला. बाबा, तुम्ही तेव्हा फोनवर म्हणाला होता, “आधी सगळीकडे नुसते टाके मार, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मगच भर.” मागून आईचा आवाज आला, की धावदोरा न घालता कोणी मशीन मारते का! दुसरा सांगाडा मी तसाच केला, प्रत्येक तयार सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवून. तो काचेवर चारही टोकांनी टेकला तेव्हा मी त्याच्याखालून सिगारेटचा पातळ कागद सरकवून पाहिला. कुठेच गेला नाही. (कागद विकत आणला होता, गैरसमज नसावा.)

मागची गुळगुळीत टायरे लेथवर काळ्या प्लॅस्टिकच्या दांड्यातून काढली, त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. पुढची चाके मोटारसायकलसारखी तारांची असतात. त्यांचे 32 आरे मासेमारीच्या दोऱ्याचे ओवले आणि एका चाकाला दोन संध्याकाळी गेल्या. इंजिनाच्या आठ एक्झॉस्ट नळ्या सोल्डरच्या जाड तारेच्या आहेत, कारण ती बोटांनी वाकते. प्रत्येकीचे तोंड ड्रिलने पोखरले, नाहीतर नळीऐवजी काठी दिसते. रंगाच्या बाबतीत एक गोष्ट उशिरा शिकले : लहान वस्तूवर शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो, म्हणून टायरांवर आणि तारांवर गडद करडा लावायचा.

आई, तू पाठवलेले ब्लाउजच्या अस्तराचे कापड मी, शर्यतीनंतर गाडी थांबवायला मागे लावतात त्या पॅराशूटच्या पिशवीसाठी वापरून पाहिले. पण सुती धागा मनातल्या मनात पंचवीस पट मोठा केला की सुतळीएवढा होतो, आणि ती पिशवी शर्यतीच्या गाडीऐवजी धान्याच्या दुकानातली वाटू लागली. शेवटी गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर वापरला. तुझ्या कापडाने काच पुसते. आता पॅराशूट उघडायची दोरी तेवढी राहिली आहे. तुझ्या भरतकामाच्या डब्यात सहा पदरांचा दोरा असतो, त्यातला एकच पदर, वीतभर, पुढच्या पत्रात घालून पाठव. काळा नको, करडा पाठव. बाबा, डिसेंबरमध्ये गाडी घेऊन येईन तेव्हा तुमची सहा इंची पट्टी काढून ठेवा, आणि पुढचा आस थोडा डावीकडे आहे हे मला माहीत आहे.

तुमची
चिऊ