नदीतल्या कासवांचं कोण बघणार?

मा. संपादक,

गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यावर समुद्री कासव आलं की फोटो, बातम्या, अंड्यांभोवती कुंपण, चांगलंच आहे ते, पण नदीतल्या कासवाचं काय? लीथचं मऊ पाठीचं कासव म्हणून एक जात आहे, गोदावरी-कृष्णेच्या पाण्यातली, म्हणजे आपल्या घाटापलीकडचीच, १८७२ साली हिला शास्त्रीय नाव मिळालं तेही मुंबईच्या एका इंग्रज डॉक्टरवरून, आणि आज ती आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. भारत सरकारच्याच माहितीप्रमाणे ३० वर्षांत ९० टक्के घट! २०२२ ला पनामाच्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत भारतानेच मागणी करून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करून घेतला. पण गावच्या जाळ्यात सापडलेलं कासव काय पासपोर्ट घेऊन जातंय का, ते थेट टोपात जातं. मटणासाठी मारतात, पाठीची मऊ कड सुकवून विकतात, वर रेती उपसा नि धरणं, त्यात अंडी घालायला काठच उरत नाही.

आमच्या सत्तरीत पहिल्या पावसाला शेतात कासव मिळालं की अजून लोक खुश होतात, खोटं कशाला बोलू, लहानपणी आमच्याही घरात शिजलंय. तेव्हा कायदा कुणाला माहीत होता? आता माहीत आहे. वनखात्याने किनाऱ्यावर लावतात तसे बोर्ड म्हादईच्या काठी, खांडेपारला पण लावावेत, मराठी-कोकणीतून, आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री एक गस्त तरी घालावी.

- एक वाचक, वाळपई